पाऊण इंची फरशी

ता. ४ मार्च
मुक्काम : तळ्याकाठचा कॅम्प, जागा क्रमांक अकरा

चि. बारक्यास, चाकांवरच्या घरातून अ. उ. आ.

आपण स्वतः जिथे फरशी बसवलेली नाही, तिथे आपल्याला झोप लागत नाही, असं तुझे भावोजी चौतीस वर्षांपूर्वी आपल्या आईला म्हणाले होते. आठवतं का तुला? लग्नाला आठवडा झाला होता. पहिल्यांदाच माहेरी मुक्कामाला आलो होतो आणि सकाळी चहाच्या वेळी यांनी लाल डोळ्यांनी हे जाहीर केलं. आईला वाटलं, जावई चेष्टा करतायत. तू तेव्हा काडीपैलवान, दाराआड उभा राहून शर्टाची कॉलर तोंडात कोंबून हसत होतास. चौथ्या खेपेला यांनी आधी आपल्या मधल्या खोलीची जमीन खणून नवी फरशी बसवली आणि मगच तिथे पाठ टेकली. त्या फरशीवर तू आजही फेऱ्या मारतोस.

तेव्हापासून आम्ही कुठेही दोन रात्रींपेक्षा जास्त राहिलो नाही. मी कधी कुरकुर केली नाही, कारण मला तरी कुठे सवड होती. ऑपरेशनच्या खोलीतली नर्स मी, बत्तीस वर्षं खिडकी नसलेल्या खोलीत उभी राहिले. निवृत्त झाले त्या दिवशी मात्र मला काय हवंय ते लख्ख कळलं. खिडकी तीच आणि बाहेरचं रोज निराळं. म्हणून ही गाडी घेतली, पलंग, शेगडी, मोरी, सगळं पोटात असलेली.

गाडी दारात आली आणि हे आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी मोजपट्टी घेऊन आत शिरले, बऱ्याच वेळाने उतरले आणि म्हणाले की येतो, पण चाळीस दिवस. तेवढ्यात तीन रात्री झोपेविना गेल्या तर परत फिरायचं आणि गाडी विकून टाकायची. मी कबूल झाले. मग यांनी मला दोन दिवस मैत्रिणीकडे पाठवलं. परत येऊन बघते तर गाडीत दगडी फरशी. राखाडी, गुळगुळीत, कडेने काळी पट्टी. पलंगाखालीसुद्धा. दिसत नाही तिथे कशाला, असं विचारलं तर म्हणाले की न दिसणारी फरशी गाळणारे कारागीर वेगळे.

आज सहावा दिवस, आणि बारक्या, हे घोरतात.

तुला सगळं एकदम सांगायचंय आणि हात पुरत नाही. पहिल्या वळणावर कपाटाची कडी लावायची राहिली आणि दोन किलो कांदे माझ्या पायाशी पळत आले. आता कप जुन्या मोज्यांत घालून ठेवते, एकही वाजत नाही. ताटं धुण्याआधी कागदाने पुसायची, म्हणजे तांब्याभर पाण्यात काम होतं. अंघोळ अशी : अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, नळ सुरू, संपलं. छताची झडप बोटभर उघडी ठेवायची, नाहीतर सकाळी आपल्याच श्वासाचं पाणी डोक्यावर टपकतं. संडासाची पेटी सकाळी लवकर रिकामी करायची, तेव्हा रांग नसते. ते काम यांच्याकडे. तोंडाला फडकं बांधून एखादी मूर्ती हलवावी तशा गांभीर्याने नेतात.

निघण्याआधी मी मोजते. आमच्याकडे पोट शिवायच्या आधी कापसाचे बोळे आणि हत्यारं मोठ्याने मोजायची पद्धत होती, तशीच. गॅस बंद, झडप बंद, पायरी आत, वायर काढली, असं मी म्हणायचं आणि यांनी हात लावून बघून ‘झालं’ म्हणायचं. आधी अकरा गोष्टी होत्या. परवा शेजारच्या गाडीतले निवृत्त पोस्टमास्तर आमच्यामागे धावत आले, कारण पाण्याची नळी शेपटीसारखी लोंबत होती. आता बारा झाल्या.

गाडी मीच चालवते, हे नकाशा बघतात. फक्त चढाला गाडी फार धापा टाकते आणि डिझेल सांगितलं होतं त्याहून पुष्कळ पिते. वय असेल तिचं. माझंही आहे.

फोनला इथे रेंज नाही, आणि फोनवर तू हं आणि बरं यापलीकडे जात नाहीस. तेव्हा लिही. कॅम्पच्या कचेरीत पत्रं राखून ठेवतात. पुढचा पत्ता मागे लिहिलाय. लोभाला इथे जागा कमी पडत नाही, तो भरपूर धाड.

तुझी ताई

*

ता. ११ मार्च
वजनकाट्याच्या खोलीतून

ति. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा कांद्यांसाठी आणि तिसऱ्यांदा फरशीसाठी.

इथे सगळं ठीक. खडीचे ट्रक येतात, काट्यावर चढतात, पावती घेतात, जातात. तुमचं घर हलतं याचं तुला अप्रूप आहे. माझी खोली हलत नाही, पण समोरची जमीन दिवसातून दोनशे वेळा हलते. सत्तावीस वर्षं बघतोय. प्रत्येक ट्रकवाला खिडकीपाशी येऊन सांगतो की माल फारसा नाही. त्या चेहऱ्याची मला आता ओळख पटलीय. तू लिहिलंस ना, की चढाला धापा टाकते, वय असेल. तिथे मला तोच चेहरा दिसला. रागावू नकोस.

गाडीच्या दाराच्या चौकटीवर धातूची लहानशी पट्टी असेल. सगळं सामान आणि माणसं धरून गाडीने जास्तीत जास्त किती वजन घ्यायचं, तो आकडा तिच्यावर असतो. तो वाच. जड वस्तू खाली आणि चाकांच्या जवळ ठेव, हे तर करशीलच. पण मला फरशीचं सांग. दगड किती जाडीचा?

भावोजींना मी ओळखतो, तेव्हा उत्तराची वाट न बघता हिशेब मांडला. ते पाऊण इंचाच्या खाली उतरणार नाहीत. पलंगाखाली धरून सात चौरस मीटर जमीन असेल. मीटरला पन्नास किलो म्हणजे साडेतीनशेचा दगड, आणि खालचा मसाला सत्तर. चारशे वीस किलो. ताई, ही फरशी नाही, सहा धडधाकट माणसं तुमच्या घरात कायमची आडवी झालीत आणि त्यांतली दोन पलंगाखाली आहेत.

हसून झालं असेल तर ऐक. रस्त्यात जो पहिला काटा दिसेल त्यावर गाडी चढव. दोघंही आत बसा, टाक्या भरलेल्या असू देत, म्हणजे खरं वजन कळेल. चढाला गाडी नुसती दमते. उताराला तिला थांबवावं लागतं, आणि ब्रेकला नातं कळत नाही.

मधल्या खोलीची फरशी अजून केसभरही हललेली नाही, हे भावोजींना सांग. त्यांना नमस्कार. लोभ आहे, तो वजन न करता घ्यावा.

तुझा बारक्या

*

ता. १९ मार्च
मुक्काम : नदीच्या वळणावरचा कॅम्प, जागा क्रमांक चार

चि. बारक्यास अ. उ. आ.

आज एकविसावा दिवस. आधी चांगलं लिहिते, म्हणजे तुला ते वाचावंच लागेल.

काल सकाळी दार उघडलं तर पायरीवर बदक बसलेलं. हलायला तयार नाही. हे त्याच्या अंगावरून लांब ढांग टाकून उतरले आणि मला बजावलं की उठवू नकोस, दमलं असेल. चौतीस वर्षांत मला दमलीस का म्हणून विचारलेलं आठवत नाही, पण असो. इथे हे सगळ्यांचे लाडके झालेत. आपल्या गाड्यांचे फ्रीज अशा प्रकारचे असतात की गाडी तिरकी उभी असली तर गार होत नाहीत. लोक चाकांखाली अंदाजाने ठोकळे सरकवतात आणि मग फ्रीजला शिव्या देतात. यांनी आपली पाणसळ काढली, ती गवंड्यांची पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी, आणि नऊ गाड्या एका सकाळीत सरळ करून दिल्या. लोकांची दुधं नासायची थांबली. संध्याकाळी आमच्या पायरीवर तीन केक.

मी रोज नवीन खिडकीत बसून चहा पिते. बारक्या, मला वाटलं नव्हतं की अट्ठावन्नाव्या वर्षी सकाळी उठायची इतकी घाई होईल.

आता दुसरं. परवा घाट उतरताना वास आला. ऑपरेशनच्या वेळी चटका देऊन रक्त थांबवतात, तसा. मी गाडी कडेला घेतली. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर धग लागली. हे म्हणाले की ब्रेक नवीन घातले असतील, बसतायत, आणि डोंगराकडे बघायला लागले. आम्ही तासभर थांबून पहिल्या गिअरमध्ये खाली आलो. दारावरची पट्टी मी वाचलीय. साडेतीन हजार. काट्यावर मात्र चढवलेली नाही. तुझा आकडा चुकीचा ठरेल अशी आशा नाही, म्हणून.

मला कळतं रे. मी काही ट्रकवाली नाही. पण फरशी काढली तर यांची झोप गेली. झोप गेली की तिसऱ्या सकाळी आम्ही घरी. अजून एकोणीस दिवस आहेत. तोवर मी काहीतरी करते. लोखंडी तवा इथे पुन्हा भेटलेल्या पोस्टमास्तरांना दिला, शिलाई मशीन पुढल्या कॅम्पच्या कचेरीत देईन, पुस्तकं वाचून झाली की तिथेच ठेवते. गंमत म्हणजे यांनाही एकाएकी दानशूरपणा सुचलाय. सिमेंटची अर्धी गोणी आणि फरशी कापायचं यंत्र कुणाला तरी देऊन आले. विचारलं तर म्हणाले, अडगळ झाली होती. ते यंत्र यांनी मला कधी पुसूसुद्धा दिलं नव्हतं.

माझं एक ऐक. यांना यातलं काही लिहू नकोस. आणि त्यांनी विचारलंच, तर थोडंफार जास्त असेल, चालतं, एवढं म्हण. मी खोटं बोलायला सांगत नाहीये, जरा झुकतं माप दे म्हणतेय. सख्ख्या बहिणीला.

वात्सल्य आहेच, पण या वेळी तूच माझ्यावर थोडं कर.

तुझी ताई

*

ता. २२ मार्च

चि. बारक्यास अ. आ.

मला पत्राची सवय नाही. शेवटचं पत्र तुझ्या ताईला लिहिलं होतं, साखरपुड्यानंतर. त्यात हॉस्पिटलची जमीन किती ढाळात आहे ते लिहिलं होतं, असं ती अजून सांगते.

विषय असा. गुरुवारी ताई कपडे धुवायला गेली, तिथे यंत्रासाठी दोन तास लागतात. मी गाडी काढली. वाळूच्या डेपोवर काटा आहे, त्यावर चढवली. ताई नव्हती, म्हणून तिचं वजन अंदाजाने मिळवलं; तो आकडा इथे लिहीत नाही. एकूण तीन हजार आठशे चाळीस. परवानगी साडेतीन हजार. चूक माझी आहे. मी जमीन बघितली आणि जमिनीखाली चाकं आहेत हे माझ्या ध्यानात आलं नाही. चाळीस वर्षांत माझ्या फरशीखाली कधी काही हललेलं नाही.

हत्यारं वाटून टाकतोय. सेहेचाळीस किलो गेले. पण फरशीच काढावी लागेल, हे मला समजतं. स्वतः बसवलेली मी आजवर एकही काढलेली नाही. ते जमेल. अडचण ती नाही.

अडचण अशी की मला इथे बरं वाटतं. हे ताईला बोललो नाही. मागच्या आठवड्यात बाहेर गवतावर घडीच्या खुर्चीत तीन तास झोपलो. खाली गवत होतं, फरशी नव्हती. म्हणजे माझं म्हणणं इतकी वर्षं खरं होतं की नाही, हेच आता सांगता येत नाही. अट मीच घातली. फरशी निघालेली दिसली की तुझी ताई मला विचारणारसुद्धा नाही, सरळ गाडी घराकडे वळवील. ती कुणाला अडवून धरत नाही. मला तिने या वेळी धरलं तर बरं, पण हे तिला कसं सांगायचं ते मला माहीत नाही.

तू मार्ग सुचव. ताईला कळू देऊ नकोस. आम्ही अजून नदीच्या वळणावरच आहोत. मी काहीतरी कारणं काढून पुढे जायचं टाळतोय. पुढे उतार आहे.

तुझे भावोजी

*

ता. २७ मार्च
वजनकाट्याच्या खोलीतून

ति. ताईस व ति. भावोजींस, दोघांना मिळून एकच शि. सा. न. वि. वि.

हे पत्र एकट्याने उघडलं असेल तर घडी परत घाला आणि दुसऱ्याला हाक मारा. मी थांबतो.

बसलात? आता माझ्या काट्याची एक पद्धत सांगतो. पावतीवर दोन सह्या लागतात. एक गाडीवाल्याची आणि एक मालवाल्याची. कारण गाडीवाला म्हणतो, मालाचं मला माहीत नाही, आणि मालवाला म्हणतो, गाडीचं मला माहीत नाही, आणि ट्रक मात्र दोघांनाही घेऊन खड्ड्यात जातो. एका सहीवर मी आडवा बांबू वर करत नाही. मालक स्वतः आला होता एकदा, त्यालाही तासभर उभा केला होता.

गेले काही दिवस माझ्या खणात दोन पत्रं शेजारी शेजारी पडून आहेत. दोन्हींत मला गप्प राहायला सांगितलंय. मी गप्प राहिलोय. कुणी काय लिहिलं ते इथेही लिहिणार नाही, ते तुमचं तुम्ही बोला. पण झुकतं माप द्यायला मला येत नाही, आणि मार्ग सुचवायचा तर मला एवढा एकच येतो.

सोबत पावती जोडलीय. माझ्या हाताने भरली आहे. एकूण वजन ३८४०. परवानगी ३५००. जादा ३४०. मालाचे वर्णन : पाऊण इंची फरशी. गाडीवाली : ताई. मालवाले : भावोजी. दोघांनी सह्या करायच्या, एकमेकांसमोर. सह्या होईपर्यंत गाडी हलवायची नाही. उताराकडे तर नाहीच. हे मी धाकटा म्हणून विनंती करत नाहीये, काटेवाला म्हणून सांगतोय.

पावती सही करून परत पाठवा, मला दप्तरी लावायचीय. तुम्ही घरी आलात तरी मला आनंद आहे, मधली खोली झाडून ठेवीन. पुढे गेलात तर जास्त आहे. पण दोघांपैकी एकाने दुसऱ्यासाठी म्हणून परत फिरायचं आणि दुसऱ्याने पहिल्यासाठी म्हणून, असला रिकामा ट्रक मला माझ्या काट्यावर नको.

धाकटा जास्त बोलला असेल तर माप पदरात घ्यावे.

तुमचा बारक्या

*

ता. ८ एप्रिल
मुक्काम : टेकडीवरचा कॅम्प, जागा क्रमांक दोन

चि. बारक्यास, हलक्या झालेल्या घरातून अ. उ. आ.

सह्या केलेली पावती सोबत आहे. तिच्यावरचा चहाचा डाग यांचा.

तुझं पत्र कचेरीतून मीच आणलं आणि चालता चालता उघडलं. पहिली ओळ वाचून परत घडी घातली, तुझा धाक एवढा. यांना हाक मारली. वाचून झाल्यावर आधी आम्ही दोघांनी मिळून तुला नावं ठेवली. दोन्ही घरची गुपितं सांभाळतो आणि वर पावती पाठवतो, काय आगाऊ आहे, वगैरे. मग यांनी विचारलं की मला कधीपासून माहीत होतं. मी म्हटलं, ब्रेकचा वास आला त्या दिवसापासून. यांनी सांगितलं, कपडे धुवायच्या गुरुवारपासून. मग माझ्या वजनाचा अंदाज यांनी किती धरला ते मी विचारलं. यांनी सांगितलं. तो नऊ किलोने जास्त होता. मला हसूच आवरेना. शेजारचे बघायला आले.

गवतावरच्या खुर्चीचंही यांनी सांगितलं, आणि या वेळी तू मला धरून ठेव, हेही. पायांकडे बघत, मोडकं मोडकं. मला धरून ठेवायला सांगणारा हा माणूस चौतीस वर्षं माझ्यासमोर जेवायला बसतोय आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी कुणाला अडवत नाही, हा माझा चांगुलपणा आहे असं मला वाटत आलंय. यांना तो दाराला कडी नसल्यासारखा वाटत होता. बारक्या, तुला हे लिहितानाही मला पेन ठेवून बाहेर बघावं लागलं.

फरशी काढायला तीन दिवस लागले. फोडली नाही. यांनी सांधे बारीक करवतीने कापले, मग पातळ छिन्नी आत सरकवून एकेक दगड सुटा केला. मी बाजूला उभी राहून हत्यारं देत होते. दुसऱ्या दिवसापासून यांना मागावं लागलं नाही. हात पुढे आला की त्यात हवं तेच पडत होतं. तिसऱ्या दुपारी यांनी मान वर करून म्हटलं की असा मदतनीस चाळीस वर्षांत मिळाला नाही. मी म्हटलं की असा रोगीही मला मिळाला नाही, तीन दिवस पोट उघडं आणि एकदाही कण्हला नाही. एकूण चाळीस दगड, त्यांतला एक फुटला. मी मोजून घेतले, अर्थात.

आता एवढ्या दगडांचं करायचं काय? नदीच्या वळणावरचा तो कॅम्प सांभाळणारी बाई आहे, उंच, घोगऱ्या आवाजाची, एप्रनच्या खिशात कायम पाना. पाणी भरायच्या नळाजवळ तिच्याकडे घोटाभर चिखल असायचा, लोक बूट हातात घेऊन रांगेत उभे. यांनी तिला काही विचारलं नाही, फरशी आखायला सरळ दोरी बांधली. मग काय, सगळा कॅम्प दगड वाहायला आला. पाणसळ लावून सगळं सपाट करतील असं मला वाटलं, तर हे म्हणाले की इथे सपाट नको, पाणी जायला ढाळ हवा. सगळ्या गाड्या सरळ करणारा माणूस चार दिवस गुडघ्यांवर बसून तिरकं बसवत होता आणि शीळ घालत होता. यांना शीळ येते, हे तुला माहीत होतं?

गाडीत आता लाकडी फळ्यांवर पातळ चटई आहे. यांच्या मते ती जमीन नाही, कागद आहे. तिच्यावरच्या पहिल्या रात्रीनंतर सकाळी मी लाल डोळ्यांनी उठले, कारण यांना झोप लागते की नाही ते बघत बसले होते. लागली. दोन्ही कुशींवर लागली. चहा घेताना यांनी मला सांगितलं की डोळ्याला डोळा लागला नाही. मी सहानुभूतीने मान हलवली. इतक्या वर्षांची पत आहे माणसाची, एका रात्रीत कशी सोडणार?

गॅरेजवाल्याकडून ब्रेक बघून घेतले, पुढचे पूर्ण जळले होते. बदलले. तू नसतास तर, हे वाक्य मी पुरं करत नाही. वाळूच्या डेपोवर परत गेलो, दोघंही आत बसलो, टाक्या भरलेल्या. ३३६०.

काल चाळिसावा दिवस होता. मी सकाळपासून विषय काढला नाही, यांनीही नाही. सामान आवरलं. मी मोजायला सुरुवात केली, यांनी हात लावून एकेक ‘झालं’ म्हटलं, बाराच्या बारा. फाटकापाशी आलो. डावीकडचा रस्ता घराचा, उजवीकडचा टेकडीचा. मी वळायचा दिवा लावला नाही आणि यांच्याकडे बघितलंही नाही. पण तुला कबूल केल्यासारखं मनाशी ठरवलं होतं, म्हणून एवढं म्हटलं की मला परत जायचं नाहीये आणि तुम्ही माझ्याबरोबर हवे आहात. असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. मागून एका गाडीने भोंगा वाजवला. यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, नकाशाची घडी उलटी केली आणि म्हणाले की उजवी बाजू मोकळी आहे, घे. शिवाय टेकडीवरच्या कॅम्पचा नळसुद्धा चिखलात आहे, असं त्या बाईने यांना आधीच सांगून ठेवलंय. यांनी ते मला एक मैल पुढे गेल्यावर सांगितलं.

इथे पोचलो, सरळ उभे राहिलो, फ्रीज गार होतोय. खिडकीत आज खाली दरी आहे आणि दरीतून ढग वर येतायत, दूध उतू जावं तसे.

आता तुझ्या भाषेत लिहिते. परवानगी ३५००, वजन ३३६०. एकशे चाळीस किलो शिल्लक. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग आहे, शिडीने चढावं लागतं, त्यावर आजवर फक्त उशा झोपल्या आहेत. तुझं वजन किती ते मला माहीत नाही, बारक्या तर आम्ही केव्हापासून नुसतं सवयीने म्हणतोय. कमी पडलं तर पाण्याची टाकी रिकामी करून येते, आणखी शंभर किलो मोकळे होतील, वाटेत नळ आहेतच. सत्तावीस वर्षांत तू काटा दोनदा बंद ठेवलास, एकदा आईसाठी आणि एकदा बाबांसाठी. तू लिहिणार की खडीचे ट्रक कुठे जातील, बदली माणूस एका सहीवर बांबू वर करील, पुढच्या वर्षी बघू. मला ते सगळं पाठ आहे. हे म्हणतात, कशाला विचारतेस, तो नाहीच म्हणणार. पण विचारायचंच नाही, ही माझी सवय मी नुकतीच मोडली आहे.

लोभ पत्रातून पुरे झाला. काट्याला पंधरा दिवस कुलूप लाव आणि ये. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही तुझ्या खिडकीसमोर काट्यावर गाडी चढवून उभे राहू. पावतीवर आम्हां दोघांच्या सह्या घे, तिसरी तुझी कर, आणि गाडीत बस.

तुझी ताई